मौलमीनची आरागिरणी मुंबईहून कशी सांभाळावी

समजा, साल 1875 आहे. मुंबईच्या कोटातल्या एका व्यापारी पेढीची ब्रह्मदेशात मौलमीनला वाफेवर चालणारी आरागिरणी आहे आणि तिचा कारभार पाहण्यासाठी पेढीने तुमची नेमणूक केली आहे. पेढी, गिरणी आणि ही नेमणूक कल्पनेतली आहे. मात्र ज्या परिस्थितीत तुम्हाला हे काम करायचे आहे ती त्या काळातील खरी परिस्थिती आहे. जुन्या धंद्यांचे अंतरंग जाणून घेण्याची हौस असणाऱ्यांना, किंवा त्या काळावर कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना, पुढील सूचना उपयोगी पडाव्यात. बोटीवर चढण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गिरणीतील करवत हा या धंद्याचा सर्वांत सोपा भाग आहे. नफातोटा ठरतो तो करवतीच्या मागे असलेल्या नदीवर आणि करवतीच्या पुढे असलेल्या वहीवर.

मौलमीनच का, हे आधी पाहू. 1826 च्या यंदाबोच्या तहाने तेनासरीमचा किनारा इंग्रजांच्या हाती आला आणि साल्वीन नदीच्या मुखावरचे मौलमीन त्या प्रांताचे मुख्य ठाणे झाले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने जी नामांकित जहाजे बांधली त्यांना मलबारचा साग लागे. मलबारची रानं विरळ होऊ लागली तशी जहाजबांधणीची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. 1852 च्या दुसऱ्या युद्धानंतर पेगू आणि रंगूनही इंग्रजांकडे गेले. 1863 मध्ये वॉलेस बंधूंच्या पुढाकाराने मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. भांडवल मुंबईत आणि लाकूड ब्रह्मदेशात, ही तिची घडण नावातच उमटली आहे. सागाला गिऱ्हाइकांची वाण नव्हती. रेल्वेला स्लीपर आणि डब्यांचे लाकूड हवे होते, घरांना तुळया हव्या होत्या, आणि लोखंडी जहाजे आली तरी सागाची गरज संपली नव्हती. 1860 साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या इंग्रज युद्धनौकेच्या साडेचार इंची लोखंडी कवचामागे 18 इंच जाडीचा साग होता. साग लोखंडाला गंजवत नाही, हा गुण ओकच्या लाकडात नाही.

आता पहिला धडा. तुमच्या गिरणीच्या धक्क्याला जो ओंडका आज लागतो त्यावर झालेला खर्च आजचा नसतो. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे लाकूड कापून खोल गोलाकार खाच कोरतात, झाड उभ्याउभ्याच मरते आणि दोन-तीन वर्षे तसेच वाळू देतात. त्यानंतर ते तोडायचे, हत्तींकडून ओढवून ओढ्याच्या पात्रात आणून ठेवायचे आणि पावसाळ्यातल्या मोठ्या लोंढ्याची वाट पाहायची. लोंढा पुरेसा आला नाही तर ओंडका त्या पात्रात आणखी एक वर्ष पडून राहतो, कधी दोन वर्षे. म्हणजे रानात पैसा घातल्यापासून फळी विकली जाईपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात. दरसाल 9 टक्के व्याज धरले तर रानात घातलेले 100 रुपये पाच वर्षांनी 154 रुपये झालेले असतात, आणि लाकडाने तेवढे फेडून वर नफा द्यायचा असतो. मुंबईच्या भागीदारांना ही गोष्ट पहिल्याच पत्रात आकडे मांडून सांगा. कापडाच्या किंवा कापसाच्या व्यापारात वाढलेल्या माणसाला वर्षभरात पैसा फिरण्याची सवय असते. 1865 साली कापसाचे भाव कोसळल्यावर मुंबईत किती पेढ्या बुडाल्या हे आठवणारे भागीदार तर अडकलेल्या पैशाला विशेष भितील.

लाकूड मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. स्वतः रानाचा पट्टा घेऊन हत्ती बाळगणे हा पहिला. कंत्राटदाराला उचल देऊन त्याच्याकडून लाकूड आणवणे हा दुसरा. आणि नदीने खाली आलेले लाकूड मौलमीनला रोख विकत घेणे हा तिसरा. नवख्या व्यवस्थापकाने पहिली दोन वर्षे तिसऱ्या मार्गाने चालावे असे माझे मत आहे, कारण त्यात नफा कमी असला तरी लाकडाची पारख शिकण्याची फी कमी पडते. पट्ट्याच्या वाटेला जाण्यापूर्वी रान कोणाच्या हद्दीत आहे ते पाहा. साल्वीनने येणारा पुष्कळसा साग करेन्नी या डोंगराळ संस्थानांतून आणि सयामच्या (आजच्या थायलंडच्या) हद्दीतील चिआंग माईकडून येतो, आणि तिथल्या सरदारांनी एकच रान दोघांना दिल्याच्या तक्रारी वारंवार होत. या तंट्यांपायीच 1874 मध्ये इंग्रज सरकार आणि सयाम यांच्यात तह करावा लागला, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून 1883 मध्ये दुसरा. तेव्हा पट्ट्याच्या कागदावर चार सीमा, मुदत आणि दर ओंडक्यामागची रक्कम स्पष्ट लिहून घ्या, आणि त्या रानावर पूर्वी कोणाचा मालकीचा ठसा मारणारा हातोडा चालला आहे याची चौकशी जागेवर माणूस पाठवून करा.

उचलीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण या धंद्यात सर्वाधिक पैसा तिथेच बुडतो. रानातील करेन, शान किंवा बर्मी कंत्राटदार उचल घेतल्याशिवाय कुऱ्हाड उचलणार नाही. त्यात त्याचीही चूक नाही, कारण त्याला हत्ती पोसायचे असतात आणि माणसांना तांदूळ द्यायचा असतो. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. संपूर्ण उचल एकदम देऊ नका. थोडी रक्कम झाडे तोडल्यावर, थोडी रक्कम ओंडके पात्रात आल्यावर आणि उरलेली रक्कम लाकूड ठाण्यावर मोजून घेतल्यावर, असे टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याला तुमचा माणूस रानात जाऊन ओंडके मोजून आलाच पाहिजे. कंत्राटदाराचा हत्ती मेला तर त्याचे लाकूड त्या वर्षी येणार नाही, हे गृहीत धरा. फाशीचा रोग, ज्याला इंग्रज डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणत, कळपात शिरला की काही दिवसांत हत्ती पटापट मरतात. एकाच कंत्राटदाराकडे सगळी उचल गुंतवू नये, हे यावरून उघडच आहे.

ओंडका पाण्यात पडला की त्याच्यावर मालकी सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हातोड्याचा ठसा. प्रत्येक मालकाचा लोखंडी हातोडा वेगळा असतो. त्याच्या तोंडावर अक्षर किंवा खूण कोरलेली असते आणि तो ओंडक्याच्या टोकावर मारतात. साल्वीनच्या वरच्या भागात धबधबे आणि खडक असल्यामुळे तिथे तराफे चालत नाहीत. ओंडके सुटे वाहत येतात, खाली लोक ते दोर टाकून अडवतात आणि मग वेताच्या दोरांनी तराफे बांधून मौलमीनच्या वरच्या अंगाला असलेल्या काडोच्या सरकारी लाकूडठाण्यावर आणतात. तिथे ठसे तपासले जातात आणि जकात भरावी लागते. वाटेत ठसा तासून काढून दुसरा मारणे ही नेहमीची चोरी आहे. त्यावर उपाय एवढाच, की ठसा टोकाला एकदा मारून न थांबता दोन्ही टोकांना आणि अंगावरही मारावा, ओंडक्याची लांबी व गोलाई रानातच वहीत टिपावी आणि काडोला पोहोचल्यावर ती पडताळून पाहावी. हातोडे कोणाकडे आहेत याची स्वतंत्र यादी ठेवा. हरवलेला हातोडा म्हणजे कोऱ्या धनादेशावर केलेली तुमची सही समजा.

मापाचा हिशेब व्यवस्थापकाला स्वतःला तोंडपाठ हवा. ओंडक्याच्या मध्यावरची गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. उत्तर घनफुटांत येते आणि 50 घनफुटांचा एक टन धरतात. उदाहरणार्थ, 8 फूट गोलाईच्या आणि 25 फूट लांबीच्या ओंडक्याचा चौथा हिस्सा 2 फूट, वर्ग 4, गुणिले 25, म्हणजे 100 घनफूट किंवा 2 टन. भूमितीने पाहिले तर त्या गोल ओंडक्यात सुमारे 127 घनफूट लाकूड असते. उरलेले 27 घनफूट चौकोनी करताना पडणाऱ्या तासणीसाठी सोडलेले आहेत. आता हाच ओंडका मोजताना टेप तीन इंच आवळून धरली, म्हणजे गोलाई 7 फूट 9 इंच लिहिली, तर माप 94 घनफुटांच्या खाली येते. तीन इंचांत सहा टक्के माल कागदावरून नाहीसा होतो! विकत घेताना मोजणारा आणि विकताना मोजणारा एकच माणूस असेल तर टेप कधी आवळली आणि कधी सैल सोडली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून दोन मोजणीदार ठेवा, त्यांच्या जागा मधूनमधून बदला आणि आठवड्यातून एकदा स्वतः धक्क्यावर उतरून दहा-बारा ओंडके मोजा.

ही मोजणी किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण तुमच्या नेमणुकीनंतर दहा वर्षांनी घडणार आहे. बॉम्बे बर्माने मंडालेच्या राजाकडून निंग्यान भागातील सागाची रानं मक्त्याने घेतली होती आणि ते लाकूड सितांग नदीवाटे इंग्रजी हद्दीत उतरत होते. 1885 मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने आरोप केला, की कंपनीने पैसे भरले त्याहून कितीतरी अधिक ओंडके बाहेर नेले, आणि कंपनीवर सुमारे 23 लाख रुपये बसवले. कंपनीने ते नाकारले. इंग्रजांना फ्रेंचांच्या वाढत्या वजनाची धास्ती होतीच, त्यांनी हे प्रकरण हाती धरून निर्वाणीचा खलिता पाठवला. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर गेल्या, 28 तारखेला मंडाले पडले आणि थिबा राजाला मद्रासमार्गे आपल्या रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. 1910 मध्ये त्याच्यासाठी तिथे राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये त्याच गावात तो वारला. रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की या हद्दपारीच्या कागदपत्रांत सागाच्या ओंडक्यांची मोजणी आहे. तुमच्यापुरता बोध व्यावहारिक आहे: ओंडके ज्या जागी मालक बदलतात त्या जागी दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र मोजावे, दोन भाषांत उतारा करावा आणि दोघांच्या सह्या घ्याव्या.

आता गिरणीकडे येऊ. नदीकाठी भरती-ओहोटीचा फायदा मिळेल अशी जागा असते. भरतीला तराफे आत घ्यायचे आणि ओहोटीला चिखलातून ओंडके वर ओढायचे. हे काम हत्ती करतात. मौलमीनच्या आणि रंगूनच्या वखारींत हत्ती सोंडेने आणि सुळ्यांनी ओंडके उचलून थप्पीला लावतात. ते पाहायला परदेशी प्रवासी मुद्दाम येत, आणि व्यवस्थापकाचा अर्धा दिवस पाहुण्यांच्या सरबराईत जाई. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही, तो उन्हात लवकर थकतो. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी काम, दुपारी पाणी आणि सावली हा नियम मोडू नका. त्याच्या माहुताला तिथे ऊझी म्हणतात. ऊझी बदलला की हत्तीचे काम काही आठवडे निम्म्यावर येते, तेव्हा ऊझीच्या पगारात चार-दोन रुपयांची काटकसर करण्यात शहाणपण नाही.

सागाच्या लाकडात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि तो करवतीचे दात झपाट्याने बोथट करतो. त्यामुळे धार लावणारा कारागीर हा इंजिन चालवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. पाती, कानशी आणि पट्टे यांचा साठा किमान वर्षभराचा ठेवा. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यापासून विलायतेहून सुटे भाग येण्याचा काळ पुष्कळ कमी झाला असला, तरी मोडलेल्या एका दातेरी चाकासाठी गिरणी दोन-तीन महिने बंद राहू शकते. करवतीच्या जाडीकडेही लक्ष हवे. गोल करवतीची खाच पाव इंच धरली, तर एक इंची प्रत्येक फळीमागे सव्वा इंच लाकूड खर्ची पडते, म्हणजे पाचवा हिस्सा भुसा होतो. म्हणून पातळ फळ्यांच्या मागणीचा भाव जाड तुळयांच्या भावावरून ठरवू नका. भुसा आणि कापट्या बॉयलरमध्ये जाळल्या की कोळसा विकत घ्यावा लागत नाही, हे खरे. पण तोच भुसा गिरणीचा वैरी आहे. रोज संध्याकाळी तो झाडून काढला पाहिजे, बॉयलरघर थप्प्यांपासून दूर असले पाहिजे आणि वखारीच्या फाटकावरच चिरूट विझवायला लावले पाहिजेत. मौलमीनचे चिरूट प्रसिद्ध आहेत आणि ब्रह्मदेशात बायका-पुरुष सगळेच ते ओढतात, तेव्हा हा नियम अप्रिय ठरेल. तो तरीही पाळून घ्या, आणि विम्याचा हप्ता मुंबईच्या भरवशावर सोडू नका.

मजुरांपैकी पुष्कळजण बंगालच्या उपसागरापलीकडून, तेलुगू किनाऱ्यावरून येतात. कोरंगी बंदरावरून बर्मी लोक त्यांना ‘कोरंगी’च म्हणत. त्यांच्या टोळ्या मेस्त्री आणतो. हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडेही दिला आहे, पण तिथला मेस्त्री हा कारागीर नसून टोळीचा मुकादम असतो, आणि मजुरांची मजुरी त्याच्या हातून जाते. शक्य असेल तितके पैसे हजेरीपट पाहून मजुराच्या हातात द्या. मेस्त्री रागावेल, म्हणून त्याचे दलालीचे आकडे वेगळे ठरवून त्याला उघडपणे द्या. मजूर कर्जात अडकून पडला की तो टिकतो अशी समजूत त्या बंदरांत होती. माझ्या मते ती समजूत खोटी होती, कारण अडकलेला मजूर पहिल्या संधीला पळून जातो आणि त्याची उचल तुमच्याच वहीत बुडीत म्हणून राहते.

मुंबईशी पत्रव्यवहार हे निम्मे काम आहे. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यापासून पत्र आगगाडीने कलकत्त्याला आणि तिथून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीने ब्रह्मदेशात येते. गाडी आणि बोट यांच्या वेळा जुळल्या तर ठीक, नाहीतर एका प्रश्नाचे उत्तर यायला महिना गेला असे समजून चला. म्हणून प्रत्येक पत्राला क्रमांक घाला, नकलेच्या वहीत दाबयंत्राखाली त्याची प्रत उमटवून ठेवा आणि महत्त्वाच्या पत्राची दुसरी प्रत पुढच्या बोटीने धाडा. पत्राच्या सुरुवातीला मागील कोणत्या क्रमांकापर्यंतची पत्रे पोहोचली हे लिहिले, की गहाळ पत्र लगेच कळते. तार शब्दागणिक महाग पडते, तेव्हा पेढीशी आधी सांकेतिक शब्दांची यादी ठरवून घ्या. ‘दोनशे टन चौकोनी माल, मुंबईपोच, भाव मान्य’ एवढा मजकूर एका शब्दात मावला पाहिजे.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वीच अधिकाराची हद्द लिहून घेणे: किती रुपयांपर्यंतची खरेदी न विचारता करता येईल, उचल किती देता येईल, पडत्या भावात माल विकायचा की थांबवायचा, आणि हुंडी कोणावर किती मुदतीची काढायची. तोंडी आश्वासनावर निघालेल्या व्यवस्थापकाला पुढे प्रत्येक तोट्यासाठी ‘आम्हाला विचारले नाही’ आणि प्रत्येक हुकलेल्या संधीसाठी ‘एवढेही विचारायचे?’ असे दोन्ही ऐकावे लागते. रोजकीर्द रोजच्या रोज लिहा. खतावणीत रानातील लाकूड, नदीतील लाकूड, वखारीतील ओंडके आणि चिरलेला माल अशी चार खाती निराळी ठेवा. नदीतील लाकूड पूर्ण किमतीला धरून वार्षिक नफा दाखवण्याचा मोह मुंबईला नेहमी होतो. तो तुम्ही होऊ देऊ नका, कारण त्यातील काही ओंडके कधीच येणार नाहीत.

विक्रीत मालाची प्रतवारी हाच तंट्याचा विषय. अळीने पाडलेली भोके, गाभ्यातील चीर आणि पोकळ बुंधा हे ब्रह्मी सागाचे नेहमीचे दोष आहेत. विलायतेच्या जहाजगोदीसाठी लांब, सरळ, निर्दोष चौकोनी माल बाजूला काढा. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या घरबांधणीला मध्यम माल चालतो. आखूड तुकड्यांचे स्लीपर किंवा खिडक्या-दारांचे सामान होते. दोष असलेला माल झाकून पाठवू नका. मुंबईच्या वखारीत तो उघडा पडला, की परतीचे नौभाडे तुमच्याच नावे पडते. पावसाळ्यात ओंडके येतात, म्हणून जहाजात जागा आधीच ठरवा, आणि कप्तान किती दिवस थांबेल व त्यापुढे दर दिवसाला काय मागेल हे करारात आणा.

राहिली प्रकृतीची गोष्ट. रानात जाणाऱ्याला ताप गाठतो. क्विनीन, उकळलेले पाणी आणि मच्छरदाणी यांवर खर्च करा. डासांमुळे हिवताप होतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, तरी मच्छरदाणीत झोपणारे कमी आजारी पडत. घरी दरमहा ठराविक रक्कम पेढीकडूनच परस्पर पोहोचवायची व्यवस्था करून ठेवा, म्हणजे तुमची बोट चुकली तरी घरची चूल अडणार नाही.

तीन वर्षांनी तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. तो उन्हाळ्यात येईल असे पाहा, कारण तेव्हा नदी आटलेली असते, हत्ती विश्रांतीला सोडलेले असतात आणि वखारीतला प्रत्येक ओंडका डोळ्यांनी मोजता येतो. त्याला वखार फिरून दाखवा, उचलीच्या थकबाकीदारांशी समोरासमोर गाठ घालून द्या, चारही खात्यांची बाकी त्याच्या हस्ताक्षरात उतरवून घ्या, आणि सर्वांत शेवटी ठशाचे हातोडे एकेक करून टेबलावर मांडा. यादीप्रमाणे सगळे भरले की त्याची सही घ्या आणि मगच बंदरावर जा.